खोटं एकटीचं नसतं

'इन धिस अवर लाइफ' हा १९४२ सालचा हॉलिवुडपट थोरामोठ्यांच्या याद्यांमध्ये सहसा नसतो. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन. त्याचा पहिला चित्रपट 'द माल्टीज फाल्कन' आजही आवर्जून पाहिला जातो, हा दुसरा मात्र मुख्यतः बेटी डेव्हिसच्या चाहत्यांनी जपलाय. मेलोड्रामा म्हणून बघायला बसावं तर हवं ते सगळं मिळतं: दोन बहिणी, पळवलेला नवरा, आत्महत्या, व्हिस्की, भरधाव गाडी, आणि मॅक्स स्टायनरचं एक क्षणही उसंत न देणारं संगीत. पण शेवटच्या टप्प्यात ही बहिणींची गोष्ट एका काळ्या तरुणाच्या तुरुंगाच्या कोठडीपाशी येऊन थांबते, आणि तिथे एक प्रश्न उभा राहतो. त्याचं उत्तर चित्रपटाकडे नाही. मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतो तो त्या प्रश्नासाठी.

प्रश्न असा: एखाद्याने खोटं सांगितलं आणि त्यापायी निरपराध माणूस तुरुंगात गेला, तर ते पाप खोटं बोलणाऱ्याचं किती आणि ते खरं मानणाऱ्यांचं किती?

कथानक सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. व्हर्जिनिया राज्यातलं रिचमंड शहर. टिंबरलेक कुटुंबाचा तंबाखूचा धंदा होता, तो भागीदाराने, म्हणजे मुलींच्या मामाने, गिळंकृत केलेला. दोन मुली, दोघींची नावं पुरुषी: रॉय आणि स्टॅनली. त्याचं स्पष्टीकरण चित्रपट देत नाही. रॉय (ऑलिव्हिया द हॅविलंड) शहाणी, सोशिक. स्टॅनली (बेटी डेव्हिस) धाकटी, लाडावलेली, हवं ते हवं त्या क्षणी घेणारी. वकील असलेल्या क्रेगशी लग्न ठरलेलं असताना ती रॉयच्या नवऱ्याला, डॉक्टर पीटरला, घेऊन पळून जाते. पीटर दारूच्या आहारी जातो आणि जीव देतो. इकडे रॉय आणि क्रेग एकमेकांना सावरता सावरता जवळ येतात. रॉय विधवा बहिणीला घरी परत आणते, आणि स्टॅनली आता क्रेगला पुन्हा ओढू पाहते.

एका संध्याकाळी ती एका बारमध्ये क्रेगची वाट बघत पीत बसते. तो येत नाही. ती तशीच गाडी काढते, वाटेत एका बाईला आणि तिच्या लहान मुलीला उडवते, आणि थांबत नाही. मुलगी मरते. पोलिस दारात येतात तेव्हा स्टॅनली सांगते, त्या रात्री गाडी पॅरीकडे होती. पॅरी क्ले हा घरातल्या स्वयंपाकिणीचा, मिनर्व्हाचा मुलगा. रॉयच्याच शब्दावरून क्रेगने त्याला आपल्या ऑफिसात ठेवून घेतलंय, आणि तो वकिलीचा अभ्यास करतोय. पोलिस त्याला उचलतात.

*

मेलोड्रामाचा हिशेब सरळ असतो. एका पानावर पुण्य, दुसऱ्यावर पाप, आणि दोन्ही पानांवर माणसांची नावं ठळक. सोशिक मोठी आणि नाठाळ धाकटी ही जोडी मराठी प्रेक्षकाला समजावून सांगायला नको. आपल्या रंगभूमीने आणि पडद्याने ती भरपूर राबवलीय. या हिशेबाची सोय अशी की गोष्टीतला सगळा काळोख एका व्यक्तीत गोळा करता येतो. ती व्यक्ती गेली की उजेड पडतो.

बेटी डेव्हिस ही भूमिका करताना कुठेही हात राखत नाही. डोळे, हात, सिगारेट, घाईची चाल. एका जागी दोन मिनिटं बसणं तिला जमत नाही. तिचा स्वार्थ इतका उघडा आहे की घरातल्या कुणालाच तो लपत नाही. रॉयला ती कशी आहे ते माहीत आहे, बापाला माहीत आहे, क्रेगला तर चांगलंच माहीत आहे. लाडावणारा मामा आहे, पण त्यालाही ती खरं बोलते असा भ्रम असेल असं वाटत नाही. थोडक्यात, या घरात स्टॅनलीच्या शब्दाला कवडीची किंमत उरलेली नाही.

आणि तरीही गावात तिचा एक शब्द पुरतो.

आपल्या भाषेत 'पत' हा फार नेमका शब्द आहे. पैशाची पत असते, माणसाची असते, शब्दाची असते. साधारण समजूत अशी की पत कमवावी लागते. दिलेला शब्द पाळत गेलं की वाढते, मोडत गेलं की आटते. स्टॅनलीने आपली सगळी पत उधळून टाकलीय. पॅरीने आपली काडी काडी जमवलीय: वेळेवर काम, अभ्यास, अदब. पत कमावण्याची गोष्ट असती तर या दोघांच्या शब्दांची टक्कर झाल्यावर निकाल दोन मिनिटांत लागला असता. तो लागतोच, पण उलटा. म्हणजे पोलिसांच्या तराजूत जी पत ठेवली गेली ती या दोन माणसांची नव्हतीच. एकीला ती गोऱ्या जन्माबरोबर मिळाली होती आणि तिने काहीही केलं तरी आटणार नव्हती. दुसऱ्याने काहीही केलं तरी ती त्याच्या खात्यावर जमा होणार नव्हती.

ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर हिने २००७ साली एका पुस्तकात या प्रकाराला ज्ञानव्यवहारातला अन्याय म्हटलं. ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहामुळे बोलणाऱ्याला जेवढा विश्वास मिळायला हवा त्याहून कमी मिळतो, आणि हे नुसतं वाईट वागणं नसून जाणता माणूस म्हणून त्याला नाकारणं आहे, असं तिचं म्हणणं. 'टु किल अ मॉकिंगबर्ड' मधला टॉम रॉबिन्सन हे तिचं मुख्य उदाहरण. पॅरी त्याच्या बराच आधीचा, आणि मला वाटतं एका बाबतीत जास्त बोलका. कारण इथे आपल्याला विश्वासाची टंचाई आणि विश्वासाची उधळण एकाच चौकटीत दिसते. पॅरीकडून काढून घेतलेला विश्वास हवेत विरत नाही, तो स्टॅनलीच्या पदरात पडतो.

*

स्टॅनलीचं खोटं किती छोटं आहे हे पाहण्यासारखं आहे. गाडी पॅरीकडे होती, बस. तो प्यायला होता, तो बेफाम चालवतो, असले लोक पळूनच जातात, यातलं काही तिला रचावं लागत नाही. हे सगळे तपशील ऐकणाऱ्यांच्या डोक्यात आधीपासून तयार आहेत. ती एक धागा देते, वस्त्र गाव विणतं. खोटं बोलायला साधारणपणे कल्पनाशक्ती लागते, पुरावे लागतात, आधीच्या विधानांशी मेळ घालावा लागतो. स्टॅनलीला यातलं काही लागत नाही, कारण तिच्यासाठी ही मेहनत दुसऱ्यांनी कधीच करून ठेवलीय.

हे पटकथेतलं नाट्य म्हणून सोडून देता येत नाही. चित्रपटाच्या अकरा वर्षं आधी, १९३१ मध्ये, अलाबामात एका मालगाडीतून नऊ काळ्या मुलांना उतरवून बलात्काराच्या आरोपाखाली अटक झाली होती. स्कॉट्सबरो खटला म्हणून तो जगभर गाजला. आरोप करणाऱ्या दोन गोऱ्या तरुणींपैकी रूबी बेट्स हिने १९३३ मध्ये डिकेटरच्या कोर्टात बचाव पक्षाच्या बाजूने साक्ष दिली आणि असं काही घडलंच नव्हतं असं सांगितलं. सगळ्या गोऱ्या ज्यूरीने तरीही हेवूड पॅटरसनला दोषी ठरवून मृत्युदंड दिला. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी तो निर्णय रद्द केला. पुढच्या वर्षी मतदारांनी हॉर्टन यांना घरी पाठवलं.

रूबी बेट्सच्या साक्षीत माझ्या प्रश्नाचा मोठा भाग आहे. खोटं सांगणाऱ्या दोघींपैकी एकीने ते परत घेतलं. नेहमीच्या हिशेबाप्रमाणे निदान तिच्या वाट्याचं खोटं तिथे संपायला हवं होतं. पण तोवर ते तिचं राहिलंच नव्हतं. ज्यूरीतल्या बारा जणांना ते हवं होतं, आणि मूळ मालकीण ते परत मागायला आली तर त्यांनी तिलाच खोटं ठरवलं. काळ्या माणसाला कोर्टात साक्ष देण्याचा हक्क १८६६ च्या नागरी हक्क कायद्याने मिळालेला होता. साक्ष द्यायला कायदा उभं करू शकतो. ऐकणाऱ्याच्या कानामागे काय चाललंय तिथवर त्याचा हात पोचत नाही.

पॅरीला हे माहीत आहे. चित्रपटात आधी एका प्रसंगी तो समजावतो की गोरा मुलगा कुठल्याही नोकरीत चढत जाऊ शकतो, काळ्या मुलाला नोकरी टिकवता येते किंवा गमावता येते, वर जाता येत नाही. म्हणून त्याला असं काहीतरी हवंय जे कुणी काढून घेऊ शकणार नाही, आणि म्हणून त्याला वकील व्हायचंय. अर्नेस्ट अँडरसन हे संथ, नेटकं, कुठलीही कीव न मागता बोलतो. हा तरुण स्टुडिओच्या उपाहारगृहात वेटर होता. बेटी डेव्हिसने त्याला हेरलं आणि ह्यूस्टनला सुचवलं. त्या वर्षी 'नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू' ने त्याच्या अभिनयाची दखल घेतली.

पुढे कोठडीत स्टॅनली त्याला भेटायला येते. रॉयनेच तिला तिथे आणलंय, की समोरासमोर आल्यावर तरी तिला पाझर फुटेल. स्टॅनली उलट पॅरीलाच पटवू लागते, की तू कबूल कर, मग मी तुला सोडवायला मदत करेन. तिचा आवाज मऊ, लाघवी, जणू ती त्याच्यावर उपकार करतेय. गजांपलीकडे अँडरसनचा चेहरा ढळत नाही. तो ओरडत नाही, भीक मागत नाही. कायदा शिकणाऱ्या त्या मुलाला कळून चुकलंय की जे कुणी काढून घेऊ शकणार नाही असं त्याला वाटत होतं, तेही एका वाक्यात काढून घेता येतं.

जेम्स बाल्डविनने १९७६ सालच्या 'द डेव्हिल फाइंड्स वर्क' या पुस्तकात या चित्रपटाबद्दल लिहिलंय. हार्लेममध्ये चित्रपट आला तेव्हा नेमका हा तुरुंगातला प्रसंग कापलेला होता, त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि बहुधा तो परत जोडला गेला, अशी त्याची आठवण. हार्लेमच्या प्रेक्षकांनी बेटी डेव्हिसला डोक्यावर घेतलं, तेही याच प्रसंगासाठी. याचं मला नवल वाटत नाही. अशी गोरी बाई त्यांच्या ओळखीची होती, पण तोवर पडद्यावर तिला कुणी सोज्वळ मुलाम्याशिवाय दाखवलेलं नव्हतं.

*

आता रॉयकडे येऊ. कारण खरा पेच तिच्यापाशी आहे.

मिनर्व्हा तिला सांगते की त्या रात्री पॅरी घरी माझ्यापाशी होता. काळ्या पोराचं पोलिस ऐकून घेत नाहीत, तेव्हा ते तिथे सांगून उपयोग नाही. रॉय विश्वास ठेवते. इथे प्रेक्षकाचा जीव भांड्यात पडतो: चला, कुणीतरी ऐकलं. चित्रपटाचं नैतिक वजन या एका क्षणावर तोललेलं आहे.

पण रॉयने नेमका कशावर विश्वास ठेवला? मिनर्व्हाच्या खरेपणावर, की बहिणीच्या खोटेपणावर? हे दोन वेगळे विश्वास आहेत. ज्या बहिणीने आपला संसार मोडला, जी आता दुसऱ्यांदा घाव घालायला टपलीय, ती खोटं बोलत असेल हे मानायला रॉयला फार कष्ट नाहीत. समजा स्टॅनली चांगली बहीण असती. हळवी, मायाळू, एका रात्रीपुरती घाबरलेली. तर मिनर्व्हाचं तेच वाक्य, त्याच आवाजात, रॉयच्या कानाला कसं लागलं असतं? आई आहे बिचारी, लेकरासाठी बोलणारच, असं तिच्या मनात आलं नसतं का?

म्हणजे बहिणींचं वैर हीच फट आहे, आणि तिच्यातून पॅरीचा न्याय आत येतो. ही बाब मला अस्वस्थ करते. निरपराध माणूस सुटण्यासाठी आरोप करणारीचे तिच्याच घरात वैरी असावे लागत असतील तर त्याला न्याय म्हणायचं की योगायोग?

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याचा, निरपेक्षतेचा त्यांनी गौरव केला, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा अशी आशा धरली. 'निरपेक्षता' या शब्दावर मी अडतो, कारण रॉयच्या कसोटीला नेमका तोच शब्द लावता येतो. तिच्या न्यायबुद्धीत तिचा स्वतःचा हिशेब मिसळलेला आहे. स्टॅनली दोषी ठरली तर पॅरी सुटतो, आणि क्रेगही निर्धास्तपणे रॉयचा राहतो. चित्रपट हे उच्चारत नाही, पण रचना तशीच आहे.

यावर एक सोपं उत्तर आहे: हेतू कशाला तपासता, पोरगा सुटला ना? कोठडीत बसलेल्या पॅरीने मला हे विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही, आणि नसावं. बुडणाऱ्याने दोर टाकणाऱ्याची नियत तपासत बसू नये.

दुसरं उत्तर रॉयच्या बाजूचं आहे, आणि ते मला जास्त पटतं. दुखावलं गेल्याशिवाय माणसाला काही गोष्टी दिसतच नाहीत. आपल्या माणसाच्या गोड आवाजामागे काय असू शकतं हे रॉयला कळलं ते पोळल्यामुळे. तिची जखम हे तिचं ज्ञान आहे. आणि पोळलेली सगळीच माणसं दुसऱ्याचं भाजणं ओळखत नाहीत. बहुतेक जण आपलीच जखम चाटत बसतात. रॉयने मिनर्व्हाचं ऐकलं, ते क्रेगपर्यंत नेलं, बहिणीला हाताला धरून कोठडीपाशी उभं केलं. वैराने दार किलकिलं केलं असेल, पण उंबरा ओलांडून ती स्वतः बाहेर पडली.

तरीही एक शिल्लक उरते. पॅरीला अखेर वाचवतं कोण? क्रेग त्या बारमध्ये जाऊन चौकशी करतो, आणि स्टॅनली पिऊन निघाली होती हे बारवाल्याकडून कळतं. ते पुढे ठेवल्यावरच स्टॅनली कबूल होते. मिनर्व्हाचं बोलणं हा या साखळीतला पहिला दुवा आहे, पण पुरावा म्हणून ते कुठेच उभं राहत नाही. तिच्या शब्दाला रॉय जामीन राहिली, रॉयच्या शब्दाला क्रेग, क्रेगच्या शब्दाला बारवाला. आईने पहिल्यांदाच सांगितलेलं खरं चार हात बदलून गोरं झालं, तेव्हा कुठे चाललं. चांगल्या माणसांची ही साखळी बघून बरं वाटतं. पण ती लागावीच का, हा प्रश्न चांगल्या माणसांना सहसा पडत नाही.

*

मिनर्व्हाची भूमिका हॅटी मॅकडॅनियलने केलीय. तिच्यासमोर बसून ऐकणारी ऑलिव्हिया द हॅविलंड. या दोघींचा एक जुना संबंध आहे. 'गॉन विथ द विंड' साठी सहायक अभिनेत्रीच्या ऑस्करला दोघींना नामांकन होतं, आणि १९४० च्या समारंभात ते मॅकडॅनियलला मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली काळी कलावंत. त्या रात्री हॉटेलातल्या मेजवानीत तिचं टेबल चित्रपटातल्या इतर मंडळींपासून वेगळं, भिंतीकडे मांडलेलं होतं. त्याआधी अटलांटात झालेल्या पहिल्या खेळाला तिला जाता आलेलं नव्हतं.

आणि १९४२ च्या फेब्रुवारीत, हा चित्रपट पडद्यावर येण्याच्या थोडं आधी, द हॅविलंड आणि तिची सख्खी बहीण जोन फाँटेन या दोघी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी समोरासमोर होत्या. धाकटी जिंकली. त्या दोघींच्या वैराच्या कहाण्या पुढे कित्येक दशकं चवीने सांगितल्या गेल्या. भिंतीकडच्या टेबलाची कहाणी लोकांच्या तोंडी यायला फार वेळ लागला. बहिणींची भांडणं बघायला गर्दी जमते. टेबल कुणी वेगळं मांडलं यात एकही नाट्यमय खलनायिका नसते. असतात हॉटेलचे नियम, रीतीरिवाज, आणि मुकाट्याने जेवणारी सभ्य माणसं.

हेच या चित्रपटाच्या शेवटालाही लागू पडतं. स्टॅनली मामाकडे धाव घेते. त्याला नुकतंच डॉक्टरांनी सहा महिन्यांची मुदत दिलीय, त्याला भाचीचं ऐकायला सवड नाही. पोलिस येतात, ती गाडीतून पळते, गाडी उलटते, ती मरते. शेवट रॉय आणि क्रेगवर होतो. दरवेळी या जागी मला हायसं वाटतं, आणि दरवेळी मी स्वतःला विचारतो की हे हायसं वाटणं कशाबद्दल आहे. पॅरीला कोठडीत घालणारे पोलिस आपल्या जागी आहेत. उद्या दुसरी कुणी दुसऱ्या पॅरीचं नाव घेईल, तर ते त्याच तत्परतेने त्याच्या दाराशी जातील. स्टॅनलीच्या मरणाने त्यातलं काहीही बदललेलं नाही. एवढंच झालं की ज्यांनी तिचं खोटं खरं केलं त्यांची नावं पापाच्या पानावर लिहायची राहून गेली.

गंमत म्हणजे सरकारला हे बरोबर दिसलं. १९४३ मध्ये युद्धकालीन सेन्सॉर खात्याने हा चित्रपट परदेशी पाठवायला नकार दिला. कारण स्टॅनली नव्हती. गोऱ्याच्या शब्दापुढे काळ्याच्या साक्षीला कोर्टात किंमत नाही हे चित्रपटातून उघड होतं, ही अडचण होती. चित्रपट खोटं दाखवतो असं त्यांचं म्हणणं नव्हतं. दाखवतो ते बाहेर कळू नये, एवढंच.

माझ्या प्रश्नाचं मी काढलेलं उत्तर असं आहे. खोटं बोलणाऱ्याचा दोष कमी होत नाही, त्या लहान मुलीला स्टॅनलीनेच मारलं. पण एखादं खोटं जितकं कमी शब्दांत चालून जातं, तितका ऐकणाऱ्यांचा त्यातला वाटा मोठा. हे मोजमाप मला रोज वापरता येण्यासारखं वाटतं. कुणाबद्दल काही कानावर आलं आणि पुढचं सगळं मला न सांगताच 'कळलं', तर ते कळलेलं कुठून आलं हे तपासायचं. सांगणाऱ्याने दिलेला धागा किती, आणि मी विणलेलं वस्त्र किती. आणि मिनर्व्हासारखं कुणी समोर उभं राहून 'तो घरी होता' म्हणालं, तर तिला जामीन कोण असं विचारण्याआधी, दुसऱ्या बाजूला जामीन कोण राहिलं होतं हे आधी विचारायचं.